दारातील गाडी आणि घरातील ठेव

(जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील बौद्ध कुटुंबांच्या घोडेगाव येथील मेळाव्यात एका निवृत्त शिक्षकाने केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मी आपणांशी एका मोटारीविषयी बोलणार आहे. धम्माच्या मेळाव्यात मोटारीचे काय काम, असे कोणास वाटेल. परंतु ज्या प्रश्नाने आपल्या घरातील माणसांची झोप उडते, तो प्रश्न विहाराच्या उंबरठ्याबाहेर ठेवून आत यावयाचे, ही रीत मला मान्य नाही. गृहस्थाने मिळकत कशी करावी, ती कशी राखावी आणि कशी खर्चावी, हे तथागतांनी गृहस्थांना स्वतंत्रपणे सांगितले आहे. म्हणून आज हिशेबाची वही उघडून बसू या.

गेल्या पावसाळ्यात मी मंचरजवळच्या एका घरी गेलो होतो. नाव व गाव सांगत नाही, कारण ते घर आपल्यापैकी कोणाचेही असू शकेल. घरचा थोरला मुलगा चाकणच्या एका कारखान्यात कंत्राटावर कामाला होता. महिना २४,००० रुपये मिळत. सूनबाई शिवणकाम करते, तिचे ६,००० येतात. या कमाईतून पै-पै बाजूला टाकून त्यांनी २,४०,००० रुपये साठविले होते आणि आठ लाखांच्या एका पांढऱ्या मोटारीची नोंदणी केली होती. विसार म्हणून ११,००० रुपये भरले होते. गाडी मिळण्यास तीन आठवडे राहिले असता कंत्राट संपले, आणि ठेकेदाराने सोमवारपासून येऊ नका म्हणून सांगितले.

मी गेलो तेव्हा घरात दोन पक्ष पडले होते. मुलगा म्हणत होता, काम आज ना उद्या मिळेल, गाडी सोडावयाची नाही. सूनबाई काही बोलत नव्हती. तिच्या हातात वही होती. आणि म्हातारे आबा भिंतीला टेकून बसले होते. मी त्यांना विचारले, "आबा, तुमचे काय मत?" ते म्हणाले, "गुरुजी, गाडी एकदा दारात उभी राहिली, की आईचं ऋण फिटंल."

हे आईचे ऋण कोणते, ते ऐका. आबा त्या वेळी आठ वर्षांचे होते. १९५६ साली नागपूरला बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली, त्यानंतर काही वर्षांत त्यांच्या वस्तीनेही घेतली. मेलेली ढोरे ओढणे बंद केले, बलुत्याची भाकरी मागणे बंद केले. त्याचा राग गावाने धरला. एका श्रावणात आई तापाने फणफणली. घोडेगावला दवाखान्यात न्यावयाचे, तर बैलगाडी हवी. गावात गाड्या होत्या, बैल होते. वडील तीन दारांत उभे राहिले. तिन्ही दारांत एकच उत्तर मिळाले: गावकी सोडलीत ना, मग आता गावाची गाडी कशाला? अखेर चौघांनी बाजेला दोर बांधून तिला खांद्यावर नेले. चिखलातून वाट काढीत पोहोचावयास दुपार झाली. ती दोन दिवसांनी वारली. गाडी मिळाली असती तर ती वाचली असती का, हे आज कोणी सांगू शकत नाही. परंतु आठ वर्षांच्या त्या मुलाने त्या दिवशी मनाशी एक गाठ बांधली, की आपल्या दारात आपली गाडी असावी.

बंधुभगिनींनो, म्हणून मी आरंभीच सांगतो, की गाडीची इच्छा ही चैन आहे असे म्हणून मी कोणास हिणविणार नाही. दुसऱ्याच्या दारात मोटार उभी राहिली तर ती प्रगती आणि आपल्या दारात उभी राहिली तर ती उधळपट्टी, असा न्याय लावणारे लोक या देशात पुष्कळ आहेत. त्यांच्या पंगतीला आपण बसू नये. वाहन ही आपल्या इतिहासातील जखम आहे, आणि ती खुद्द बाबासाहेबांच्याही अंगावर आहे.

१९०१ सालची गोष्ट. बाबासाहेब तेव्हा लहान होते. वडील गोरेगावला नोकरीस होते. त्यांना भेटावयास ही मुले साताऱ्याहून आगगाडीने निघून मसूर स्टेशनवर उतरली. त्यांची जात कळताच एकही गाडीवान त्यांना न्यावयास तयार होईना. शेवटी एक जण दुप्पट भाड्यावर तयार झाला. पण अट अशी, की गाडी मुलांनी हाकावी आणि तो पायी चालेल. ती मुले रात्रभर तहानलेली राहिली. ही हकीकत बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवली आहे.

दुसरी हकीकत चाळीसगावची आहे, आणि आजच्या प्रश्नाची किल्ली मला तिच्यातच सापडते. १९२९ साली सरकारने नेमलेल्या चौकशी समितीचे सदस्य या नात्याने बाबासाहेब खानदेशात गेले होते. परतताना चाळीसगावच्या आपल्या लोकांनी त्यांना वस्तीवर येण्याचा आग्रह केला. स्टेशनावरून वस्तीला जावयाचे, तर एकही टांगेवाला त्यांना टांग्यात बसवून हाकावयास तयार होईना. आपल्या पाहुण्याने पायी चालत जावे, हे लोकांच्या मनास पटेना. तेव्हा तोडगा निघाला. मालकाने टांगा भाड्याने द्यावा, पण हाकणारा मात्र आपल्यापैकी असावा. ज्याने लगाम हाती घेतला त्याने पूर्वी कधी टांगा हाकला नव्हता. नदीवरील फरशीपाशी चाक अडकले, घोडा व टांगा खाली गेला आणि बाबासाहेब दगडांवर फेकले गेले. त्यांचा पाय मोडला.

या अपघाताविषयी लिहिताना बाबासाहेबांनी टांगेवाल्यांचा दोष तर सांगितलाच. परंतु त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती आपण फारशी सांगत नाही. माझ्या लोकांनी माझा मान राखण्यासाठी माझा जीव धोक्यात घातला, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे. त्या लोकांचे प्रेम खरे होते. त्यांचा राग न्याय्य होता. तरीही टांगा उलटला. कारण हाकणाऱ्याला हाकता येत नव्हते, आणि ते माहीत असूनही निघण्याची घाई झाली.

आता मंचरजवळच्या त्या घराकडे परत या. तेथेही प्रेम खरे आहे आणि जखम खरी आहे. प्रश्न एवढाच, की हा टांगा हाकणार कोण? हप्त्याचा लगाम ज्या कमाईच्या हातात द्यावयाचा, ती कमाई आज आहे काय?

सूनबाईने वही माझ्यापुढे ठेवली. तिच्या अनुमतीने तो हिशेब आपणांस सांगतो.

गाडीची किंमत आठ लाख. त्यांपैकी एक लाख रोख, सात लाख कर्ज. व्याज दहा टक्के, मुदत सात वर्षे. महिन्याचा हप्ता सुमारे ११,६२० रुपये. चौऱ्याऐंशी हप्त्यांची बेरीज ९,७६,००० रुपयांच्या वर जाते. म्हणजे पावणेतीन लाखांहून अधिक केवळ व्याज. याशिवाय कर, नोंदणी व विमा मिळून सव्वा लाख रुपये आरंभीच द्यावयाचे. साठविलेल्या २,४०,००० रुपयांतून एक लाख व सव्वा लाख वजा केले, की हाती उरतात १५,००० रुपये.

घरखर्च महिना १८,०००. काम सुटल्यापासून मुलगा बाजारात मालाच्या भरणीला जातो. त्याचे सरासरी ८,००० पडतात. सूनबाईचे ६,००० धरून १४,००० झाले. तूट ४,००० ची. गाडी घेतली नाही, तर २,४०,००० ची ठेव ही तूट पाच वर्षे भरून काढू शकते. घरातील सर्व कमाई उद्या बंद पडली, तरी तेरा महिने चूल पेटती राहते. गाडी घेतली, तर चार हजारांच्या तुटीत हप्त्याचे ११,६२० आणि पेट्रोल, दुरुस्ती, पुढील विमा यांचे निदान ४,००० मिळतात. तूट होते १९,६०० ची, आणि हाती असतात १५,०००. म्हणजे गाडी दारात आल्यावर पहिला महिनाही पुरा होत नाही.

मुलगा म्हणाला, "गुरुजी, नाहीच जमलं तर गाडी विकू." हा युक्तिवाद पुष्कळ लोक करतात, म्हणून तोही तपासून पाहू. विम्याच्या कोष्टकात दोन वर्षे उलटलेल्या गाडीची किंमत मूळ किमतीच्या तीस टक्के कमी धरतात. म्हणजे आठ लाखांची गाडी ५,६०,००० ची झाली. त्या वेळी कर्जाची बाकी किती? सुमारे ५,४७,०००. गाडी त्या भावाने विकली गेली, तरी बँकेचे देऊन हाती उरतील १३,०००. तोवर घरातून गेलेले किती? रोख एक लाख, कर-विमा सव्वा लाख आणि चोवीस हप्त्यांचे २,७९,०००. एकूण पाच लाखांच्या वर. पाच लाख देऊन तेरा हजार घेण्याचा हा सौदा आहे, आणि तोही सर्व हप्ते वेळेवर भरले गेले असे धरून.

उत्पन्न जाणे ही केवळ कंत्राटी कामगाराचीच गोष्ट आहे, असे मात्र समजू नका. आपल्या या दोन तालुक्यांनी अलीकडेच एक धडा पाहिला आहे. २०२३ च्या जुलै महिन्यात नारायणगावच्या बाजारात टोमॅटोच्या वीस किलोंच्या क्रेटला दोन हजार रुपयांच्या वर भाव मिळाला. देशभरच्या वृत्तपत्रांत जुन्नरच्या शेतकऱ्यांची छायाचित्रे झळकली. दोनच महिन्यांत, सप्टेंबरमध्ये, भाव असा कोसळला की तोडणीची मजुरी सुटेना. ज्याने जुलैच्या भावावर सात वर्षांचा हप्ता बांधला असेल, त्याने सप्टेंबर कसा काढला असेल, याचा विचार करा. त्याआधी २०२० च्या टाळेबंदीत रिझर्व्ह बँकेने सहा महिने हप्ते लांबणीवर टाकण्याची मुभा दिली होती. अनेकांना वाटले, संकट टळले. परंतु त्या काळात हप्ता थांबला होता, व्याज थांबले नव्हते.

तथागतांनी अनाथपिंडिकाला गृहस्थाची चार सुखे सांगितली, त्यांत ऋण नसण्याचे सुख वेगळे काढून सांगितले आहे. संपत्ती असणे हे सुख, ती भोगणे हेही सुख. याचा अर्थ उपभोग निषिद्ध नाही. परंतु कोणाचे देणे डोक्यावर नाही, हे त्या दोहोंच्या जोडीचे तिसरे सुख आहे. आणि निर्दोष आचरणाचे सुख सर्वांत श्रेष्ठ. सिगाल नावाच्या तरुण गृहस्थाला त्यांनी मिळकतीचे चार भाग करावयास सांगितले. एक भाग उपभोगासाठी, दोन भाग कामधंद्यासाठी, आणि चौथा भाग आपत्तीच्या दिवसांसाठी राखून ठेवावा. आजचा मजूर किंवा पगारदार मिळकतीचा एक चतुर्थांश खाऊन राहू शकत नाही, हे मला ठाऊक आहे. तेव्हा ते प्रमाण शब्दशः लावू नका. त्यामागील दृष्टी घ्या. चौथा भाग हा आपत्ती येण्याच्या आधी बाजूला काढलेला असतो, आणि आपत्ती आली की तो आपत्तीवरच खर्चावयाचा असतो. त्या घराचे २,४०,००० रुपये काम सुटले त्या दिवशी चौथा भाग झाले. काल ते गाडीचे पैसे होते, आज ते चुलीचे पैसे आहेत.

ही दृष्टी या भूमीला नवी नाही. आपण लेण्याद्रीला जाता, शिवनेरीच्या पोटातील लेणी पाहता, मानमोडीच्या डोंगरावर चढता. त्या भिंतींवर ब्राह्मी अक्षरांत कोरलेले लेख आहेत. त्यांत मोठ्यांची नावे आहेत, तशी कष्टकऱ्यांच्या संघटनांचीही आहेत. बांबूकाम करणाऱ्यांची श्रेणी, कासारांची श्रेणी, धान्याच्या व्यापाऱ्यांची श्रेणी. या श्रेणींकडे लोक ठेव ठेवीत आणि तिच्या उत्पन्नातून भिक्खुसंघाच्या गरजा भागत. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने तर सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दान दिले.

नाशिकच्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने तीन हजार कार्षापणांची ठेव विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवली. दोन हजारांवर दरमहा शेकडा एक, एक हजारावर दरमहा शेकडा पाऊण, असे व्याज ठरले. दोन हजारांचे वर्षाचे व्याज होते दोनशे चाळीस. त्यातून वीस भिक्खूंना प्रत्येकी बारा कार्षापण वस्त्रांसाठी मिळावयाचे. आणि लेखात स्पष्ट बजावले आहे, की मूळ रक्कम परत द्यावयाची नाही, केवळ व्याजच भोगावयाचे. अशा ठेवीला अक्षयनीवी म्हणत. जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वी या डोंगरांत राहणाऱ्या लोकांना मूळ आणि व्याज यांतील भेद इतका नेमका कळत होता, की त्यांनी तो दगडात कोरून ठेवला. आपण मात्र मूळ मोडून व्याज भरावयास निघतो.

आता आपल्याच आजोबा-आजींकडे पाहू. उत्पन्न जाणे म्हणजे काय, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक? बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात वतनासंबंधीचे विधेयक मांडले, तेव्हापासून त्यांचे सांगणे होते की महारकी ही मिळकत नव्हे, बेडी आहे. दीक्षेनंतर आपल्या लोकांनी ती बेडी आपल्या हाताने तोडली. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ ग्रामवतने रद्द झाली. बलुते गेले, सुगीचा वाटा गेला, गावाची मेहेरनजर गेली. केंद्राच्या सवलतींत तर बौद्धांचा समावेश व्हावयास १९९० साल उजाडावे लागले. त्या पिढीने मान मिळविण्यासाठी उत्पन्न सोडले. मग रिकाम्या हातांनी त्यांनी पहिला पैसा कशावर खर्च केला? मुलांच्या पाटीवर, वहीवर, वसतिगृहाच्या ट्रंकेवर. मान त्यांना विकत घ्यावा लागला नाही. तो त्यांनी घेतलेल्या निर्णयातच होता. त्यांच्या नातवंडांनी आता मान मिळविण्यासाठी हप्ता बांधावयाचा, हे उलटे होईल.

काही बांधव विचारतील, मग गाडी कधीच घ्यावयाची नाही काय? असे मी म्हटलेले नाही. घ्यावी, परंतु तीन गोष्टी पाहून घ्यावी. पहिली, कमाई पुन्हा सुरू होऊन निदान वर्ष लोटले असावे. दुसरी, गाडीचे पैसे देऊनही सहा महिन्यांचा घरखर्च ठेवीत शिल्लक असावा. तिसरी, हप्ता, पेट्रोल व विमा मिळून घरच्या महिन्याच्या कमाईच्या सहाव्या हिश्श्याहून अधिक जाऊ नये. हा माझा अनुभवाचा अंदाज आहे, धर्माज्ञा नव्हे. आपल्या घराला जो हिस्सा पेलेल तो आपण ठरवा. या कसोटीला नवी गाडी उतरत नसेल आणि जुनी उतरत असेल, तर जुनी घेण्यात कमीपणा कसला? आणि धंद्यासाठी म्हणून गाडी घेणार असाल, तर तिचा परवाना, तिचा विमा, तिच्या फेऱ्या यांचा हिशेब आधी मांडा. खाजगी नोंदणीच्या गाडीने भाडे मारणे कायद्यात बसत नाही, हे ध्यानात असू द्या.

ज्यांनी कर्ज आधीच घेतले आहे आणि ज्यांची कमाई थांबली आहे, त्यांनी लपून बसू नये. हप्ता चुकण्याच्या आधी बँकेत किंवा पतसंस्थेत जाऊन मुदत वाढवून मागावी, आणि मागणी लेखी करावी. वसुलीचा माणूस सकाळी आठच्या आधी व संध्याकाळी सातनंतर फोन करू शकत नाही, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. गुंड पाठवून वाहन ओढून नेणे गैर आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली बजावले आहे. नवे कर्ज घेताना, १ ऑक्टोबर २०२४ पासून, कर्जाची सर्व अंगे एका पत्रकात मांडून देणे बँकांवर बंधनकारक आहे. ते पत्रक मागा, घरी आणा, शिकलेल्या मुलीकडून वाचून घ्या आणि मगच सही करा. दाद मिळाली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. आणि भिडेपोटी कोणाच्या कर्जाला जामीन राहू नका. कर्जदार जितका बांधलेला, तितकाच जामीनदारही कायद्याने बांधलेला असतो. त्याचप्रमाणे ज्यांचे काम सुटले आहे, त्यांनी राहिलेला पगार आणि भविष्य निर्वाह निधी यांचा हिशेब ठेकेदाराकडे मागावा. आपले मागणे ही याचना नव्हे, तो हक्क आहे.

आता आबांच्या मूळ दुखण्याकडे येतो. कारण हिशेबाने मुलाचे समाधान झाले, आबांचे झाले नाही. ते म्हणाले, "समदं खरं गुरुजी. पण उद्या रात्री घरात कोणी आजारी पडलं, तर पुन्हा बाज बांधायची का?"

या प्रश्नाला वहीतील आकड्यांनी उत्तर देता येत नाही. त्याचे उत्तर वस्तीने द्यावयास हवे. २०१४ पासून महाराष्ट्रात १०८ क्रमांकावर विनामूल्य रुग्णवाहिका मिळते. हा क्रमांक प्रत्येक घराच्या भिंतीवर लिहिलेला असला पाहिजे. परंतु भीमाशंकरच्या बाजूच्या वाड्यांवर पावसाळ्यात ती पोहोचेपर्यंत वेळ जातो, हेही आपण जाणतो. म्हणून मी त्या वस्तीत एक सूचना केली आणि ती आपणांपुढेही ठेवतो. वीस घरांनी दरमहा पन्नास रुपये काढावेत. महिन्याला हजार, वर्षाला बारा हजार होतात. आपल्या महिलांचे बचत गट आहेतच. त्यांच्याकडे ही ठेव असावी. ज्यांच्या जीपगाड्या वडापला चालतात, त्यांच्यापैकी दोघांशी बोलून ठेवावे, की रात्री-बेरात्री हाक मारली तर यावे आणि भाडे त्याच वेळी या ठेवीतून रोख घ्यावे. ज्या घराला गाडी लागली, त्याने पुढे सवडीने भर घालावी. जुन्नरच्या डोंगरात ज्या श्रेणींची नावे कोरली आहेत, त्या अशाच कारागिरांच्या होत्या. एका घराला सात लाखांचे कर्ज पेलत नाही. वीस घरांना पन्नास रुपये पेलतात. रोजच्या प्रवासास एस.टी. आहे, मार्च २०२३ पासून तीत महिलांना अर्धे तिकीट आहे. सूनबाई मंचरच्या बाजाराला तिनेच जाते.

आबांनी ऐकून घेतले. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मी त्यांना म्हणालो, "आबा, आईचे ऋण बँकेच्या ऋणाने फिटावयाचे नाही. त्या दिवशी गावाने गाडी दिली नाही, म्हणून चौघांनी खांदा दिला. ऋण फेडावयाचेच असेल, तर त्या चौघांचे फेडा. पुढच्या वेळी कोणाला खांदा द्यावा लागू नये, अशी तजवीज करा." ते उठले, आतल्या खोलीत गेले आणि पन्नासची नोट घेऊन आले. ती त्यांनी सूनबाईच्या वहीत ठेवली.

नोंदणी मुलाने दुसऱ्या आठवड्यात रद्द केली. विसाराच्या ११,००० पैकी एक हजार कापून बाकीचे परत मिळाले. मुलाला अजून कायम काम लागलेले नाही. त्याच्या चेहऱ्यावरची निराशा मी पाहिली आहे, आणि ती नाही असे मी आपणांस सांगणार नाही. पांढऱ्या गाडीचे चित्र अजून त्यांच्या भिंतीवर आहे. ते काढू नये, असे मीच सांगितले. परंतु त्या वस्तीत आज सतरा घरे दरमहा पन्नास रुपये भरतात आणि हिशेब सूनबाई ठेवते. मागच्या महिन्यात एका बाळंतिणीला रात्री दोन वाजता त्याच पैशांतून जीप मिळाली. आबा त्या जीपमध्ये पुढे बसून घोडेगावपर्यंत गेले होते.

आपण येथून घरी गेल्यावर वही उघडावी, घरातील स्त्रियांना शेजारी बसवावे आणि चौथा भाग कोठे आहे ते पाहावे. तो नसेल, तर या महिन्यापासून सुरू करावा. एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.

नमो बुद्धाय. जयभीम.